ग्राहक बाहेरगावी

पृथ्वी तापते आहे हे मला मान्य होतं. पण ती थंड करायला निघालेल्या माणसाच्या घरचीच वीज तोडतील, अशी माझी कल्पना नव्हती.

झालं असं की विजेच्या बिलाबरोबर एक हिरवा कागद आला. ज्या ग्राहकाला हवामान बदल रोखायला हातभार लावायचा असेल, त्याने दर युनिटमागे थोडे जास्त पैसे भरावेत. तो जेवढी वीज वापरेल, तेवढी कंपनी कोळशाऐवजी वाऱ्याची आणि उन्हाची विकत घेईल. अशा ग्राहकाच्या बिलावर, नावाच्या शेजारी, एक हिरवं पान छापलं जाईल.

आता मी काही पानाफुलांवर भाळणारा माणूस नाही. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात गेली. स्टोअरकीपर. वॉशर, व्हॉल्व्ह आणि पाइपाचे कोपरे, हीच माझी फुलं. पण बायको असती तर तिने तो कागद त्याच दिवशी फ्रिजवर चिकटवला असता. आमच्या स्वयंपाकघराच्या गॅलरीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. चिमण्या म्हणजे धुराच्या. उडणाऱ्या कधीच उडून गेल्या. वारा आमच्याकडे वळला की वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक राख बसते. ती रोज सकाळी दोरी पुसायची आणि आत बघून ओरडायची, "अहो, पंखा एकवर करा! तुमच्याच पंख्याची राख पुसतेय मी इथं."

ती गेल्यापासून दोरी मी पुसतो. पंखाही एकवरच असतो.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. आमच्या घराचं वीजबिल तिच्या नावावर यायचं. माणूस गेल्यावर त्याचं नाव जिथून तिथून काढून टाकायचं काम घरच्यांनाच करावं लागतं. बँकेतून काढलं. गॅसच्या कार्डावरून काढलं. मतदार यादीतून तर त्यांनी आपणहून काढलं. सरकारी काम इतकं झटपट झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. वीज कंपनीला मात्र कोणी कळवलं नव्हतं, आणि मी कळवणारही नव्हतो. महिन्यातून एकदा एक माणूस येऊन दाराच्या फटीतून तिच्या नावाचा कागद आत सरकवायचा. त्या एका कागदावर ती अजून होती. पूर्ण नावानिशी, घरगुती ग्राहक, थकबाकी निरंक.

ते पान मला त्या नावाशेजारी हवं होतं. माझी मागणी एवढीच. त्यात पृथ्वी वाचली तर दुधात साखर.

ही गोष्ट मी वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरला सांगितली, ती माझी पहिली चूक. हा गृहस्थ बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाला, पण बँकेला ते कळलं, त्याला अजून कळलेलं नाही. प्रत्येक गोष्टीचं तो तारण मागतो.

"म्हणजे तुम्हाला वेगळी वायर टाकून देणार?" त्याने विचारलं.

"नाही. वायर तीच."

"मीटर?"

"तोच."

"मग दिवा हिरवा लागणार का?"

"नाही हो. दिवा दिव्यासारखाच लागेल."

"अहो स्टोअरकीपर, मग तुम्हाला मिळणार काय?"

आता हे मला समजावून सांगता येण्यासारखं होतं, कारण त्यात पाणी होतं. मी म्हटलं, "असं बघा. टाकी एकच. तिच्यात एका बाजूने गढूळ पाणी पडतंय. मी दुसऱ्या बाजूने स्वच्छ पाण्याचा एक नळ सोडला. माझ्या घरात नेमकं माझंच पाणी येणार नाही. पण सगळ्या टाकीतलं पाणी थोडं थोडं निवळणार की नाही?"

मॅनेजरने डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे पैसे तुम्ही भरणार, आणि निवळलेलं पाणी मीही पिणार."

"हो."

"फुकट."

"हो."

"मग तुम्ही जरूर भरा," तो म्हणाला. "माझा पूर्ण पाठिंबा आहे."

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांची शंका निराळी. "वारा पडला तर लिफ्ट मधेच थांबायची नाही ना भाऊजी? माझे गुडघे आधीच बोलतायत." मी त्यांना दिलासा दिला. दुसऱ्या दिवशी लिफ्ट खरोखरच दोन मजल्यांच्या मधे अडकली. तिचा आणि माझा काही संबंध नव्हता. ती दर महिन्याला अडकते. पण त्या दिवसापासून जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला विचारू लागला, "काय, आज वारा आहे ना?"

मी हिरवा कागद घेऊन कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. नवीन असावी, कारण ती हसली.

"ग्राहक तुम्हीच का काका?"

"नाही. बायकोच्या नावावर आहे."

"मग त्यांची सही लागेल. त्या आल्यात का सोबत?"

"ती गेली," मी म्हणालो.

"बरं. कधी येतील?"

यात त्या मुलीची चूक नाही. आपली बोलीच अशी आहे. दाराबाहेर पडणारा माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. दवाखान्यात नेताना तीही शेजारणीला "येते हं" म्हणाली होती. आणि जो खरोखरच जातो, त्याच्याबद्दल आपण नुसतं "गेला" म्हणतो. कुठे ते सांगत नाही. मला सांगायला हवं होतं. पण मागे रांग होती, आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. तेव्हाही निघाला नाही.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"काही हरकत नाही. मी नोंद करून ठेवते," असं म्हणून तिने कीबोर्डवर टकटक केलं. काय नोंद केली ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

दरम्यान मॅनेजरने सल्ला दिला. "सही तुम्हीच ठोका. कोण बघतंय?"

मी म्हटलं, "साहेब, मी सहीशिवाय चीफ इंजिनियरला वॉशर दिलेला नाही."

"त्याचं काय झालं?"

"त्यांच्या घरचा नळ पावसाळाभर गळला."

तर खोटी सही हा प्रश्नच नव्हता. दुसरा काही मार्ग असेल म्हणून मी विचार करत होतो, तेवढ्यात दुपारी दारावर थाप पडली. तीन माणसं होती. एकाच्या हातात पक्कड, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा, तिसऱ्याच्या चेहऱ्यावर कर्तव्य.

"भरारी पथक," तिसरा म्हणाला. "हे घर बंद आहे ना?"

मी दारातच उभा होतो. "दिसतंय का बंद?"

"रेकॉर्डला ग्राहक बाहेरगावी आहे. परत येण्याची तारीख अनिश्चित. तरी विजेचा वापर चालू आहे." त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी नवरा."

"कोणाचा?"

"ग्राहकाचा."

"त्यांची परवानगी आहे का तुम्हाला इथं वीज वापरायची?"

चाळीस वर्षांच्या संसारात मी अनेक गोष्टी परवानगीने केल्या, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्याने तेवढ्यात सगळं घर पाहिलं. पंखा एकवर फिरत होता.

"वापर फार कमी आहे," तो दुसऱ्याला म्हणाला. "संशयास्पद आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जास्त वापरली असती तर सभ्य ग्राहक ठरलो असतो! कॅमेरावाल्याने माझा फोटो काढला, पक्कडवाल्याने खाली जाऊन तार काढली, आणि पंखा हळूहळू थांबला.

अर्ध्या तासात बिल्डिंगभर बातमी झाली की स्टोअरकीपर वीज चोरताना सापडला. माझी अब्रू म्हणजे फार मोठी नाही, पण आयुष्यभर एक वॉशर इकडचा तिकडे होऊ न देता जमवलेली होती. मॅनेजर खाली आला. त्याला मनापासून आनंद झाला होता, हे त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"पण एक लक्षात घ्या," तो म्हणाला, "पर्यावरणाच्या दृष्टीने तुमचं काम फत्ते झालं. आता तुमचा वापरच शून्य आहे."

संध्याकाळी वहिनींनी त्यांच्या खिडकीतून एक लांब वायर माझ्या गॅलरीत सोडली, फ्रिजसाठी. मॅनेजर वरून ओरडला, "आमची काळी वीज आहे हो! चालेल ना?" मी फ्रिज लावला. तत्त्व महत्त्वाचं असतं, पण दूध नासतं.

सकाळी दाढीही न करता मी थेट कचेरीतल्या मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो. ते कागदात डोकं घालून म्हणाले, "तुमच्या मिसेस बाहेरगावाहून आल्या की त्यांना घेऊन या. सही करतील, विषय संपेल."

मग मला ते बोलावंच लागलं. "साहेब, ती वारली. मागच्या वर्षी."

साहेबांनी डोकं वर केलं. त्यांनी खिडकीतल्या मुलीला बोलावलं. ती आली, स्क्रीनवरची नोंद बघितली, माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुम्ही नुसतं गेली म्हणालात. मला वाटलं..."

"मलाही कधी कधी तसंच वाटतं," मी म्हणालो. "तू रडू नको."

तार तासाभरात परत जोडायचा हुकूम निघाला. साहेबांनी मला चहा दिला आणि भरारी पथकाकडून माफीचे दोन शब्द मिळवून दिले; शब्द दोनच होते. पण चहाचा कप खाली ठेवला तोच ते म्हणाले, "आता मात्र आम्हाला अधिकृत कळलं. मयत माणसाच्या नावावर जोडणी ठेवता येत नाही. नाव बदलून घ्या. तुमच्या नावावर केलं की हिरव्या योजनेचा अर्ज लगेच."

आगीतून फुफाट्यात. पान आणायला गेलो आणि फांदीच तोडायची वेळ आली.

"नाही केलं तर?"

"तर जोडणी तोडावी लागेल. नियम आहे."

नियमापुढे मी काही बोलू शकत नाही. नियम हा माझाच प्रांत. अर्ज घेऊन मी तिथल्या बाकावर बसलो आणि पेन उघडलं. पहिल्या रकान्यात माझं नाव लिहिलं. दुसरा रकाना होता, मधले नाव.

तिथे माझा हात थांबला.

आमच्यात मधलं नाव कसं येतं, हे काही कोणाला सांगायला नको. पोराला बापाचं. बाईला लग्नाआधी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं. तिच्या नावात मधे मी होतो. इतकी वर्षं ती जिथे सही करेल तिथे मी मधे बसलेला. ती शिकवायची त्या शाळेच्या हजेरीत, दवाखान्याच्या कागदावर, विजेच्या बिलावर. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही जागा सोडली नव्हती.

मी रकाना परत वाचला. "मधले नाव." वडिलांचे असं नव्हतं लिहिलेलं. पतीचे असंही नव्हतं. भांडारात काम केलेला माणूस छापलेल्या शब्दाच्या पुढे जात नाही आणि मागेही राहत नाही. मी मधे तिचं नाव लिहिलं, मग आमचं आडनाव, आणि अर्ज खिडकीत दिला.

मुलीने वाचला. मग परत वाचला. "काका, मधे काकूंचं नाव पडलंय."

"पडलं नाही. घातलंय."

"पण तिथं वडिलांचं असतं."

"कुठं लिहिलंय?"

तिने अर्ज उलटसुलट करून पाहिला. मग साहेबांकडे नेला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "तुमच्या वडिलांना काय वाटेल?"

"ते असते तर म्हणाले असते, आधी दिवा बंद कर आणि मग काय ते बोल."

"अहो, तुमच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव आहे. आमच्याकडचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. एवढीच हौस असेल तर आधी तिकडं बदलून आणा," असं म्हणून साहेब हसले.

ते चेष्टेने म्हणाले, हे मला नंतर कळलं. नोकरीत मी एक शिकलो होतो. साहेब बोलला की तो आदेश. चेष्टा आहे की काय, हे ठरवण्याचा अधिकार कनिष्ठांना नसतो. मी तिथून थेट वकिलाकडे गेलो.

वकील म्हणाला, प्रतिज्ञापत्र करू, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊ, मग सरकारी राजपत्र. मी सूचना लिहिली. साधी, तीन ओळींची. "यापुढे मी माझ्या नावापुढे माझ्या पत्नीचे नाव लावणार आहे, सर्वांनी नोंद घ्यावी." वर्तमानपत्राच्या कचेरीत कोणी तरी "पत्नी" हा एकच शब्द वाचला असावा. सूचना छापून आली ती वधू पाहिजेच्या रकान्यात.

पहिला फोन सकाळी सहा वाजता आला. एका बाईंनी विचारलं, घर स्वतःचं आहे का. दुसऱ्या बाई जास्त व्यवहारी होत्या. "बायकोचं नाव लावायला तयार आहात हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण स्वयंपाक येतो का?" आमच्या मुलीचा परगावाहून फोन आला. "बाबा, तुम्ही ठीक आहात ना? मी येऊ का?" मी म्हटलं, "मी ठीक आहे, फक्त विजेचं थोडं काम निघालंय." त्याने तिची काळजी वाढली.

आणि दहाच्या सुमारास मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने आडवा, रागाने उभा. हातात तो पेपर.

"भाऊजी, हे काय?" दारातूनच सुरुवात. "ताईला जाऊन वर्ष होत नाही तोवर? लाज वाटत नाही? आणि हे नाव लावणार वगैरे काय? कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिचं नाव लावणार आहात!"

"तुझी ताई."

तो थांबला. पेपर खाली केला, परत वर केला, त्या तीन ओळी ओठ हलवत वाचल्या. त्याचे वडील लवकर गेले. ताईनेच त्याला शाळेत सोडलं, ताईनेच वह्यांवर त्याचं नाव घालून दिलं. तो पायपुसण्यावर उभा राहिला तसा उभाच राहिला.

"ताईचं नाव?" तो म्हणाला. "तुमच्या नावात?"

"मधे."

"सगळीकडं? कायमचं?"

"ओळखपत्रावर, बँकेत, विजेच्या बिलावर. सगळीकडं. मी मरेपर्यंत कोणाला काढता येणार नाही."

मेहुण्याने पेपरची घडी घातली, मग आणखी एक घडी, आणि खिशात ठेवली. "कुठली कचेरी अडवतेय?" त्याने विचारलं.

त्या दिवसापासून कुठल्याच खिडकीवर मी एकटा गेलो नाही. मी शांतपणे नियम सांगायचो, आणि मेहुणा शेजारी नुसता उभा राहायचा. नियम पटकन समजण्यासाठी अशा माणसाचा फार उपयोग होतो. एका कारकुनाने म्हटलं, "असं आजवर कोणी केलेलं नाही." मेहुणा म्हणाला, "मग तुम्हाला सवय नसणार. सावकाश करा, आम्ही बसतो." आम्ही बसलो. तो सावकाश करायला लागला, आणि त्याच दिवशी झालं.

राजपत्रात नाव आलं. ओळखपत्र आलं. मॅनेजरने ते हातात घेऊन नोट तपासावी तसं उजेडात धरलं.

"स्टोअरकीपर, हे सगळं एका पानासाठी?"

मी काही बोलायच्या आत वहिनी पुढे झाल्या. "तुम्हाला नाही कळायचं. तुमच्या पासबुकात माझं नाव नॉमिनीत तरी आहे का?"

मॅनेजर गप्प झाला. तो गप्प झालेला बिल्डिंगने प्रथमच पाहिला. त्यानंतरच्या सभेत वहिनींनी जिन्याचे दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांच्या सामाईक मीटरलाही हिरवी वीज घ्यावी, असा ठराव मांडला. कोणी तरी विचारलं, वारा पडला तर? वहिनी म्हणाल्या, "पडला तर जिना आहे. माझे गुडघे मी बघून घेईन." ठराव एकमताने मंजूर झाला. मॅनेजरने अनुमोदन दिलं. त्याला वहिनींनी आधीच अनुमोदनाला बसवलं होतं.

नव्या नावाचं पहिलं बिल कचेरीतून घ्यायचं होतं. मेहुणा सोबत आलाच. बाहेर उन्हाचा ताव होता, आणि कचेरीचा हॉल भरलेला होता. कोणी बिलाची तक्रार घेऊन, कोणी मीटरची, सगळे घामाघूम. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. खिडकीत तीच मुलगी होती. आता ती इतरांना बघून हसत नव्हती, म्हणजे कामाला रुळली होती.

मग तिने माइक ओढला आणि पुकारा केला. आधी माझं नाव, मग बायकोचं, मग आडनाव. मोठ्याने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. तिचं नाव इतक्या मोठ्या आवाजात कोणी घेतल्याला किती तरी दिवस झाले होते. घरात मी घेतो, पण हळूच घेतो. मला एकदम उठता आलं नाही. मेहुण्याने मला कोपर मारलं, आणि स्वतः तोंड दुसरीकडे फिरवलं.

मुलीने कागद उंच धरला होता. पान लांबूनही दिसत होतं. तिने मान लांब करून गर्दीत पाहिलं आणि परत माइकवर विचारलं, "आहात का?"

मी उभा राहिलो.

"आहोत," म्हणालो.